रेव्हरंड सॅम्युएल हॉटन आणि डब्लिनची म्हातारी सिंहीण

आयर्लंडची राजधानी जें डब्लिन शहर, त्याच्या पश्चिमेस फीनिक्स पार्क नांवाचें एक अतिविस्तीर्ण उद्यान आहे. त्या उद्यानाच्या एका भागांत १८३१ सालच्या सप्टेंबर महिन्यांत एक प्राणिसंग्रहालय उघडण्यांत आलें. लंडनचें संग्रहालय त्याच्या आधीं अवघीं तीनच वर्षें सुरू झालें होतें. तेव्हां जगांतील जुन्यांत जुन्या प्राणिसंग्रहालयांत डब्लिनची गणना होते. १८४० पासून रविवारीं एक पेनी देऊन कोणासही आंत जातां येऊं लागलें. त्यामुळें गिरणींत व गोदींत राबणारीं माणसें आपल्या मुलाबाळांना घेऊन तेथें येऊं लागलीं. श्रीमंतांनीं स्थापिलेली ही बाग अशा रीतीनें गरिबांची झाली.

ह्या बागेची धुरा ज्यांनीं सुमारें वीस वर्षें चिटणीस ह्या नात्यानें वाहिली, त्या रेव्हरंड सॅम्युएल हॉटन ह्यांचें चरित्र आज विद्यार्थ्यांपुढें ठेवावयाचें आहे. हे गृहस्थ धर्मगुरु होते, गणिती होते, भूगर्भशास्त्राचे अध्यापक होते आणि वैद्यही होते. एकाच माणसाच्या नांवापुढें इतक्या पदव्या पाहिल्या म्हणजे आपल्याला थोडा संशय येतो, कीं ह्यांतील एकही गोष्ट त्याला नीट येत नसावी! परंतु हॉटन ह्यांच्या बाबतींत तो संशय व्यर्थ होय.

त्यांचा जन्म १८२१ सालच्या डिसेंबरच्या एकविसाव्या तारखेस कार्लो ह्या गांवीं झाला. बॅरो नदीच्या कांठीं वसलेलें हें गांव डब्लिनच्या नैर्ऋत्येस आहे. घराणें मूळचें क्वेकर पंथाचें. हे लोक युद्धाला विरोध करीत, साधा पोषाख करीत आणि कोणत्याही जीवाला दुःख देण्यापूर्वीं दहा वेळां विचार करीत. ह्याच घराण्यांतील जेम्स हॉटन हे गुलामगिरीचे कट्टे विरोधक व शाकाहाराचे पुरस्कर्ते म्हणून आयर्लंडभर प्रसिद्ध होते. सॅम्युएल स्वतः पुढें क्वेकर राहिले नाहींत. पण घरच्या संस्काराचा वास त्यांच्या आयुष्यांत शेवटपर्यंत दरवळत होता, असें मला वाटतें.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांतून १८४३ मध्यें ते पदवीधर झाले, आणि दुसऱ्याच वर्षीं त्यांना तेथील फेलो नेमण्यांत आलें. फेलोची परीक्षा त्या काळीं अत्यंत कठीण समजली जाई; पुष्कळांना ती देण्यासाठीं वर्षानुवर्षें खपावें लागे. हॉटन ह्यांना तेव्हां तेविसावें वर्ष होतें. १८४७ सालीं त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली, आणि १८५१ सालीं ते भूगर्भशास्त्राचे प्रोफेसर झाले. ती जागा त्यांनीं तीस वर्षें भूषविली. जोसेफ गॅलब्रेथ नांवाच्या आपल्या सहाध्यापकाबरोबर त्यांनीं अंकगणित, त्रिकोणमिति वगैरे विषयांवर सोप्या क्रमिक पुस्तकांची मालाच काढिली. ह्या पुस्तकांचा खप मोठा झाला.

त्यांच्या गणितबुद्धीची एक गंमत सांगण्यासारखी आहे. समुद्राच्या भरतीओहोटीचा त्यांनीं सूक्ष्म अभ्यास केला होता. एके दिवशीं एका विद्वान मित्रानें त्यांना विचारिलें, कीं इ. स. १०१४ च्या एप्रिल महिन्याच्या २३ व्या तारखेस डब्लिनच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती किती वाजतां आली असेल? प्रश्नाचा हेतु मात्र त्यानें सांगितला नाहीं. हॉटन ह्यांनीं आंकडेमोड करून सांगितलें, कीं सकाळीं साडेपांचाच्या सुमारास एकदां, व सायंकाळीं सहाला पांच मिनिटें कमी असतां पुन्हां. त्या दिवशीं क्लॉनटार्फ येथें आयरिश व नॉर्स लोकांमध्यें मोठें युद्ध झालें होतें, आणि सूर्योदयाच्या भरतीला आरंभ होऊन सायंकाळच्या भरतीपर्यंत तें चाललें, असें जुन्या बखरींत लिहिलेलें होतें. साडेआठशें वर्षांपूर्वींच्या बखरकाराची साक्ष अशी गणितानें खरी ठरली!

आतां त्यांच्या आयुष्यांतील खरी आश्चर्याची गोष्ट ऐका. १८५९ सालीं, म्हणजे वयाची सदतीस वर्षें उलटल्यावर, प्रोफेसर हॉटन ह्यांनीं आपल्याच विद्यालयाच्या वैद्यकशाळेंत विद्यार्थी म्हणून नांव घातलें. जीं मुलें काल त्यांच्यापुढें उभीं राहून उत्तरें देत होतीं, त्यांच्याच शेजारीं बांकावर बसून हे प्रोफेसर अस्थि व स्नायु शिकूं लागले. प्राण्यांचें शरीर हें एक यंत्र आहे, त्यांतील प्रत्येक स्नायु थोडक्यांत थोडक्या शक्तीनें आपलें काम करतो, असा त्यांचा सिद्धांत होता. आणि तो सिद्ध करावयाचा तर शरीर उघडून पाहण्यावांचून गत्यंतर नव्हतें. १८६२ सालीं त्यांनीं एम्. डी. ची पदवी मिळविली. त्यानंतर वैद्यकशाळेचा कारभार त्यांच्या हातीं आला, व त्यांनीं तेथील अनेक ढिलाया मोडून काढल्या. १८६६ सालीं डब्लिनमध्यें पटकीची सांथ आली. रोग्यांच्या जवळ जावयास शुश्रूषा करणारीं माणसें मिळेनात. तेव्हां हॉटन ह्यांनीं आपल्या विद्यार्थ्यांची एक तुकडी उभी केली, आणि त्या तरुणांनीं रोग्यांची सेवा केली.

त्याच वर्षीं त्यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला, त्याचा विषय ऐकून बालवाचकांना कदाचित् भय वाटेल. परंतु तो टाळून हें चरित्र पुरें होणार नाहीं. फांशीची शिक्षा झालेल्या माणसाला त्या काळीं अगदीं थोड्या उंचीवरून सोडीत. त्यामुळें तो बिचारा कित्येक मिनिटें तडफडत राही. हॉटन ह्यांनीं शरीरशास्त्र व गणित ह्यांच्या आधारें दाखवून दिलें, कीं उंची पुरेशी असली तर मृत्यु तत्काळ येतो. कैद्याच्या वजनाचे पौंड घेऊन त्यांनीं २,२४० ह्या संख्येला भागावें, म्हणजे जो आंकडा येईल तितके फूट उंची असावी, असा त्यांनीं नियम बसविला. पुढें ही संख्या फाजील ठरली. १८८६ सालीं सरकारनें नेमलेल्या समितींत स्वतः हॉटन होते, आणि त्या समितीच्या शिफारशीनें ती बरीच कमी करण्यांत आली. धर्मगुरूनें असल्या कामांत लक्ष घालावें हें पुष्कळांना रुचलें नाहीं. मला मात्र त्यांत त्यांचा एक विशिष्ट स्वभाव दिसतो. जें दुःख टाळतां येत नाहीं तें निदान लांबूं तरी नये, हा विचार त्यांच्या मनाला सतत टोंचीत असे. हा स्वभाव लक्षांत ठेवूनच आपण आतां फीनिक्स पार्कांतील बागेकडे वळूं.

बागेचें उत्पन्न बेताचें होतें. आयर्लंडांत १८४५ पासून जो भयंकर दुष्काळ पडला, त्याच्या जखमा अद्याप भरल्या नव्हत्या. देशच गरीब, मग पिंजऱ्यांतील जनावरांची काय कथा! पिंजरे लहान, जमीन कठीण, थंडी कडक. आजच्या दृष्टीनें पाहिलें तर ती बाग म्हणजे जनावरांचा तुरुंगच होता, आणि हॉटन ह्यांची स्तुति करण्याच्या भरांत ही गोष्ट झांकून ठेवणें मला योग्य वाटत नाहीं. तथापि एका बाबतींत डब्लिनची कीर्ति युरोपभर पसरली होती. तेथें सिंहांचीं पिलें जन्मत व वांचत. १८५५ सालीं विकत आणलेल्या जोडप्याला १८५७ मध्यें पहिलीं पिलें झालीं, आणि तेव्हांपासून ही परंपरा अखंड चालली. दुसऱ्या बागांतून सिंहिणींचीं पिलें जन्मतांच मरत. डब्लिनचीं मात्र धष्टपुष्ट होत व दूरदूरच्या बागा तीं विकत घेत. ह्या विक्रीच्या पैशावर दुसऱ्या कित्येक प्राण्यांचीं पोटें भरत.

हॉटन ह्यांना ही बाग दोन कारणांनीं प्रिय होती. मेलेल्या वाघसिंहांचे स्नायु तोलून व मोजून त्यांनीं आपला शास्त्रीय ग्रंथ सिद्ध केला. तो १८७३ मध्यें प्रसिद्ध झाला. दुसरें कारण असें, कीं जिवंत जनावरांवर त्यांचा मनापासून लोभ होता. त्यांच्याविषयीं अशी एक हकीकत सांगतात, कीं एका वाघिणीचीं नखें वाढून तिच्याच पंजाच्या मांसांत रुतलीं होतीं. पाय सुजला, तिला उभें राहवेना. हॉटन ह्यांनीं तिला जाळ्यांत धरविलें, पंजा गजांबाहेर ओढविला, आणि नखें कापून जखम स्वच्छ केली. शेजारच्या पिंजऱ्यांतील तिचा नर सारा वेळ गजांवर धडका मारीत होता. शस्त्रक्रिया संपल्यावर तो तिचा पाय चाटूं लागला. पुढच्या खेपेस हॉटन पिंजऱ्यापाशीं आले, तेव्हां वाघिणीनें आपण होऊन पंजा पुढें केला म्हणतात.

आतां ज्या प्रसंगासाठीं हा लेख लिहावयास घेतला, तो सांगतों.

१८५९ सालीं ह्या बागेंतच एक सिंहीण जन्मली होती. सोळा वर्षांच्या आयुष्यांत ती तेरा वेळां व्याली, आणि तिला पन्नासांहून अधिक पिलें झालीं. त्यांतलीं फारच थोडीं दगावलीं. बाकीचीं तिनें स्वतःच्या दुधावर वाढविलीं. रखवालदार व डब्लिनचे लोक तिला लाडानें ओल्ड गर्ल म्हणत. आपल्याकडे दारच्या जुन्या गाईला घरचीं माणसें जसें म्हातारी म्हणतात, त्याच मायेचें हें नांव. रानांतील सिंहीण सोळा वर्षांची क्वचितच होते. पिंजऱ्यांत शत्रु नाहीं, उपासमार नाहीं, म्हणून तेथें वार्धक्य पाहावयास मिळतें. आणि वार्धक्य आलें कीं त्याचीं सारीं दुखणींही येतात. सांधे आंखडतात, दांत झिजतात, मांस चावत नाहीं, अंग वाळत जातें. १८७५ सालीं ही म्हातारी अशीच आजारी पडली. तिला आतां पिलें होणार नव्हतीं. व्यवहाराच्या वहींत तिच्या नांवापुढें फक्त खर्चच पडावयाचा होता.

तिच्या आजारांत एका नव्या पीडेची भर पडली. मांसाहारी जनावरांच्या पिंजऱ्यांत हाडें पडलेलीं असतात, म्हणून तेथें उंदीर यावयाचेच. सिंह निरोगी असला म्हणजे तो त्यांच्याकडे लक्षही देत नाहीं. तो आपलें खातो, ते उरलेलीं हाडें कुरतडतात, आणि दोघांचा संसार सुखानें चालतो. परंतु सिंह दुबळा झाला, त्याच्यानें उठवत नाहीं, हें उंदरांना लगेच कळतें. मग ते हाडें सोडून रात्रीं त्याच्या पायाचीं बोटेंच कुरतडूं लागतात. वनाची राणी म्हणून जिची ख्याति, तिचे पाय उंदीर खात आहेत, आणि पंजा उचलण्याचीही शक्ति तिला उरलेली नाहीं, हें चित्र मनांत आणा! दुखण्यानें यावयाचें तें मरण येईलच. पण रात्रीची झोपही तिच्या नशिबीं राहिली नव्हती.

उपाय कोणता करावा? विष घालावें तर तें सिंहिणीच्याच पोटांत जावयाचें. सांपळे ठेवावे तर तिचाच पाय त्यांत सांपडावयाचा. ओल्ड गर्लच्या पिंजऱ्यांत रात्रीं टेरियर जातीचा एक लहानसा कुत्रा सोडण्यांत आला. ही जात विलायतेंत उंदीर व बिळांतील जनावरें मारण्यासाठींच पाळतात. कुत्रा आंत जातांच सिंहीण गुरगुरली. आजारी असली तरी ती सिंहीणच होती. आणि कुत्राही जातिवंत, तो कोपऱ्यांत स्तब्ध उभा राहिला. इतक्यांत एक उंदीर बाहेर आला. कुत्र्यानें त्याला झडप घालून वर उडविलें, आणि खालीं येतांना कमरेंत असें पकडलें, कीं तो जागच्या जागीं ठार झाला. सिंहिणीनें हें पाहिलें. हा परका प्राणी कशाकरितां आला आहे, हें तिला तत्काळ उमगलें. तिनें त्याला गोंजारून आपल्याजवळ येऊं दिलें, आणि तो जवळ येतांच आपला पंजा त्याच्याभोंवतीं घातला.

तेव्हांपासून रोज रात्रीं तो कुत्रा तिच्या छातीशीं, तिच्या दोन्ही पंजांच्या कुशींत निजे. निजे म्हणण्यापेक्षां जागे म्हणणें बरें. कारण थोडी खुडबूड झाली, कीं तो उसळून उंदरावर जाई आणि काम उरकून पुन्हां त्या पंजांत येऊन बसे. सिंहिणीला झोप मिळूं लागली. ही सारी हकीकत स्वतः हॉटन ह्यांनीं लिहून ठेविली आहे, आणि इतर शास्त्रीय लिखाणांत जो त्यांचा कोरडा गणिती हात दिसतो, तो येथें ओलावलेला आहे. १८७५ च्या ऑक्टोबर महिन्यांत ओल्ड गर्ल मरण पावली. त्या कुत्र्यानें तिचें आयुष्य वाढविलें असें कोणी म्हणणार नाहीं. शेवटच्या रात्रीं तिला कोणी कुरतडलें नाहीं आणि तिच्या छातीशीं दुसऱ्या जीवाची ऊब होती, एवढीच ह्या गोष्टीची किंमत.

ऊब म्हणण्याचें कारण असें. वाघ व बिबळा एकटे राहतात. सिंह मात्र कळपानें राहतो. सिंहिणी एकमेकींना टेंकून निजतात, एकमेकींचीं पिलें पाजतात. अशा प्राण्याला आजारपणांत एकटें ठेवावें लागतें, तेव्हां दुखण्याहून वेगळी अशी दुसरी एक यातना त्याला होत असावी. कुत्र्याची योजना उंदरांसाठीं झाली खरी. पण सिंहिणीनें त्याचा उपयोग सोबती म्हणूनही करून घेतला, असें मला वाटतें. १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील सॅन डिएगो येथील प्राणिसंग्रहालयवाल्यांनीं चित्त्यांच्या पिलांबरोबर कुत्रे वाढविण्यास आरंभ केला. चित्ता स्वभावानें भित्रा. शेजारचा कुत्रा निर्धास्त आहे हें पाहून तोही निर्धास्त होतो. शंभर वर्षांपूर्वीं डब्लिनला जें एका आजारी म्हातारीसाठीं झालें, तेंच येथें पद्धतशीरपणें होऊं लागलें.

सोबतीच्या ह्या प्रश्नाचें उत्तर अद्याप सर्वत्र सांपडलेलें नाहीं. दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयांत शंकर नांवाचा आफ्रिकी हत्ती होता. १९९८ मध्यें झिंबाब्वे देशानें तो भेट म्हणून पाठविला होता. त्याच्याबरोबर आलेली हत्तीण कांहीं वर्षांतच मेली, आणि मग पुष्कळ वर्षें तो एकटाच राहिला. त्याच्या जातीचा दुसरा सोबती मिळाला नाहीं. २०२५ च्या सप्टेंबरांत तो वारला. मृत्यूचें कारण कांहींही असो. त्या वर्षांचा हिशेब कोणीतरी मांडावयास हवा. उलट डब्लिनच्या त्याच जुन्या बागेंत २००७ मध्यें आशियाई हत्तींसाठीं मोठी जागा खुली झाली. तिला आसामांतील काझीरंगा अरण्याचें नांव दिलेलें आहे, आणि तेथें आई, मावशी व पिलें असा हत्तींचा कुटुंबकबिला एकत्र नांदतो. हत्तीच्या दाढा आयुष्यांत सहा वेळां येतात. शेवटची जोडी झिजली, कीं रानांतला म्हातारा हत्ती चारा चावतां न आल्यामुळें मरतो. माणसाच्या ताब्यांतल्या हत्तीला मऊ शिजवलेलें अन्न देतां येतें, झिजलेल्या सांध्यांखालीं वाळू पसरतां येते, दुखणें कमी करणारें औषध देतां येतें. आज चांगल्या बागांतून हें सारें करितात. निरुपयोगी जनावरांना पोसण्याची कल्पना आपल्या मुलखाला तर नवी नाहींच. मुंबईचें पांजरपोळ सर जमशेटजी जिजीभाई आदि मंडळींनीं १८३४ सालीं स्थापिलें, तें डब्लिनच्या बागेच्या जवळजवळ बरोबरीचेंच.

ज्या वर्षीं ओल्ड गर्ल मेली, त्याच वर्षीं इंग्लंडांत एक राजनियुक्त मंडळ बसलें होतें. जिवंत प्राण्यांना फाडून शास्त्रीय प्रयोग करावे कीं नाहीं, ह्याचा विचार त्याच्यापुढें चालला होता. हॉटन ह्यांची साक्ष झाली. ते स्वतः वैद्य, वैद्यकशाळेचे कारभारी, शेंकडों मृत प्राण्यांचें विच्छेदन केलेले. तेव्हां ते प्रयोगांच्या बाजूनें बोलतील अशी अनेकांची अपेक्षा असावी. परंतु तरुण विद्यार्थ्यांच्या वर्गापुढें जिवंत प्राण्यांना फाडून दाखविण्याच्या कल्पनेचा त्यांनीं तीव्र धिक्कार केला. असल्या दृश्यांना सरावलेल्या मुलांच्या हातून शास्त्राचें कांहीं भलें व्हावयाचें नाहीं, उलट निर्दय माणसांची एक पिढी मात्र जगावर सोडली जाईल, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. पटकीच्या सांथींत ज्यांना घेऊन ते रोग्यांच्या बिछान्यापाशीं गेले होते, त्याच वयाच्या तरुणांविषयीं ही चिंता होती. १८७६ सालीं पार्लमेंटानें कायदा करून अशा प्रयोगांवर निर्बंध घातले.

हॉटन ह्यांच्या बुद्धीला एक मोठी मर्यादाही होती, आणि ती सांगितलीच पाहिजे. डार्विन व वॉलेस ह्यांचा उत्क्रांतिवाद त्यांना मुळींच पटला नाहीं. १८५९ च्या आरंभीं, म्हणजे डार्विनचा सुप्रसिद्ध ग्रंथ बाहेर पडण्यापूर्वींच, त्यांनीं त्या सिद्धांतावर टीका केली. त्यांतलें नवें तें सारें खोटें व खरें तें सारें जुनें, असा तिचा मथितार्थ होता. ह्या टीकेची आठवण डार्विननें म्हातारपणीं आत्मवृत्त लिहितांना देखील ठेविली. पुढें १८६३ मध्यें मधमाशीच्या पोळ्याच्या निमित्तानें हॉटन ह्यांनीं पुन्हां हल्ला चढविला, आणि वॉलेस ह्यांनीं त्यांना चोख उत्तर दिलें. कालानें निवाडा डार्विनच्या बाजूनें दिला आहे. गंमत अशी, कीं पशूंना आपल्यासारखीं सुखदुःखें होतात हें डार्विनच्या मताला अनुकूलच. आणि हॉटन तें मत नाकारीत असतांना सिंहिणीच्या व वाघिणीच्या मनांत काय चाललें आहे, हें मात्र डार्विनइतक्याच सहानुभूतीनें टिपून ठेवीत होते. माणसाचें डोकें एकीकडे आणि हात दुसरीकडे चालल्याचीं अशीं उदाहरणें इतिहासांत विरळा नाहींत. त्यांत डोक्यापेक्षां हात बरोबर निघाला, हें हॉटन ह्यांचें भाग्य.

उत्तर वयांत त्यांना मानसन्मान पुष्कळ मिळाले. ऑक्सफर्ड, केंब्रिज व एडिंबरो ह्या विद्यापीठांनीं पदव्या दिल्या. लंडनच्या रॉयल सोसायटीचे ते १८५८ पासून सभासद होतेच. १८८६ ते १८९१ ह्या काळांत रॉयल आयरिश अकॅडमीचे ते अध्यक्ष होते. बागेचा संबंध त्यांनीं शेवटपर्यंत तोडला नाहीं. वयाच्या शहात्तराव्या वर्षीं, १८९७ सालच्या ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशीं ते वारले.

बागेच्या मंडळींनीं त्यांच्या नांवानें एक इमारत बांधली व ती १८९८ मध्यें उघडली. हॉटन हाउस ह्या नांवानें ती ओळखली जाते. ती उघडली त्या सालीं डब्लिनच्या सिंहगृहांत पिलांची परंपरा चालूच होती, आणि ती पुढील शतकांतही कित्येक वर्षें तशीच चालत राहिली.